हाजीपीरची टाचणी

तेव्हा लढाईचा नकाशा भिंतीवर असायचा, आता तो प्रत्येकाच्या खिशात असतो. १९६५ साली जी मुलं आठवी-नववीत होती त्यांच्यापैकी कुणालाही विचारा. वर्तमानपत्रातला नकाशा कापायचा, खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवायचा, पुठ्ठा बाहेरच्या खोलीत कॅलेंडरच्या खिळ्याला टांगायचा आणि आईच्या शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या पळवून सैन्य पुढे न्यायचं. टाचणीच्या डोक्याला ओलं कुंकू लावलं की ती आपली, दौतीतली शाई लावली की त्यांची. संध्याकाळच्या मराठी बातम्या संपल्या की पुठ्ठ्याभोवती घोळका जमायचा. कुठली टाचणी कुठे हलवायची यावर भांडणं व्हायची आणि शेवटी चाळीतलं कुणीतरी वडीलधारं माणूस चष्मा लावून निवाडा करायचं.

त्यातली हाजीपीरची टाचणी आमच्या पिढीच्या अजून लक्षात आहे. ५ ऑगस्टपासून काश्मिरात पाकिस्तानी घुसखोर उतरत होते. ते ज्या वाटांनी येत होते त्यांतली एक मोठी वाट उरी आणि पूंछ यांच्या मधल्या हाजीपीर खिंडीतून होती. २८ ऑगस्टला मेजर रणजितसिंग दयाल यांच्या नेतृत्वाखाली १ पॅराच्या जवानांनी रात्रभर पावसाचिखलातून चढून साडेआठ हजार फुटांवरची ती खिंड घेतली. खिंड म्हणजे काय आणि ती का राखायची, हे मराठी मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. पावनखिंडीच्या गोष्टीवर वाढलेल्या आम्हा पोरांना हाजीपीर लगेच आपलं वाटलं. सप्टेंबरात उरीकडून आणि पूंछकडून निघालेल्या आपल्या तुकड्या एकमेकींना भेटल्या. कुंकवाच्या टाचण्यांची ओळ सलग झाली. आता ही वाट बंद झाली, ती पुन्हा उघडू द्यायची नाही, असा त्या दिवसांतल्या भाषणांचा सूर होता, आणि भाषणातला शब्द म्हणजे सरकारचा शब्द असं आम्ही धरून चालायचो.

आता नातवंडं फोनवर दोन बोटं फाकवतात आणि हाजीपीर समोर येतं. डोंगराची घडी, ओढा, नागमोडी रस्ता, सगळं दिसतं. आमच्या पुठ्ठ्यावर यातलं काहीही नव्हतं. होता तो एक ठिपका, तोही शाईने फुगलेला. खरं सांगायचं तर हाजीपीर डोंगराच्या कुठल्या अंगाला आहे हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. माहितीच्या बाबतीत आजची मुलं आमच्यापेक्षा शंभर पटींनी पुढे आहेत. फक्त एक गोष्ट त्यांच्याकडे नाही. खिशातल्या नकाशावर टाचणी टोचता येत नाही, त्यामुळे ती काढण्याची वेळही कुणावर येत नाही.

तेव्हा सरकार आमच्याकडे मागायचं. पंतप्रधान शास्त्रीजींनी आठवड्यातलं एक जेवण सोडायला सांगितलं आणि सोमवारी रात्री घरोघरी चुली थंड राहू लागल्या. हॉटेलंही संध्याकाळी बंद असायची. सोमवार आमच्या घरात तसाही महादेवाचाच होता, त्याला शास्त्रीजींचं नाव जोडलं गेलं एवढंच. बायका दुपारी जिन्यात बसून खाकी लोकरीचे मोजे आणि स्वेटर विणायच्या. शाळेत 'प्रिय जवानदादास' अशी पत्रं लिहून घ्यायचे, पत्त्यात ५६ ए.पी.ओ. एवढंच असायचं, आणि तेवढ्या पत्त्यावर पत्र पोचतं याचं आम्हाला अपार नवल वाटायचं. सैनिकांची गाडी मनमाडला किंवा दौंडला थांबणार असं कळलं की तिथली माणसं पोळीभाजी आणि चहाची किटली घेऊन फलाटावर धावायची.

आता सरकार आपल्याकडे काही मागत नाही. डीपीला तिरंगा लावला की आपला वाटा उचलून झाला. पण मागच्या दिवसांना सोन्याचा मुलामा देताना हात आखडावा लागतो. त्या सोमवारच्या उपासामागे त्यागाइतकीच टंचाई होती. रेशनच्या रांगेत तासन्‌तास उभं राहून अमेरिकेहून आलेला लाल गहू आणि मिलो घरी यायचा. त्याच्या भाकरीला चव नव्हती आणि पोट दुखायचं ते वेगळंच. ज्यांना सोमवारीच काय, मंगळवारीही रात्रीचं जेवण मिळत नव्हतं, त्यांना एक जेवण सोडा असं सांगण्यात काही अर्थ नव्हता. चाळीच्या मागच्या पत्र्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या माणसांचा विचार त्या उत्साहात कुणी केल्याचं मला आठवत नाही. तरीही त्या रात्री भुकेल्या पोटी झोपताना, सीमेवर जे चाललंय त्यात आपलंही काहीतरी आहे, असं वाटायचं. ते वाटणं खोटं नव्हतं.

आणि म्हणूनच हिशेब मागण्याचा हक्कही वाटायचा. लढाई थांबून ताश्कंदला बोलणी सुरू झाली तेव्हा जिन्यातल्या गप्पांना धार आली होती. आपले यशवंतराव चव्हाण तिथे आहेत, ते हाजीपीर देऊ देणार नाहीत, असं चाळीत बहुतेकांचं ठाम मत होतं. हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री म्हणून आम्ही त्यांना दिल्लीला पाठवलं होतं, तो विश्वास तीनच वर्षांचा जुना होता. १० जानेवारी १९६६ ला करार झाला. दोन्ही सैन्यांनी २५ फेब्रुवारीपर्यंत ५ ऑगस्टच्या आधीच्या जागी परत जायचं. हाजीपीर गेलं. आणि त्याच रात्री शास्त्रीजी गेले.

या दोन बातम्या जवळजवळ एकदमच आल्या, आणि त्यामुळे जे झालं त्याचा विचार आमच्या पिढीने पुरेसा केलेला नाही. राग यायला हवा होता तिथे रडू आलं. ज्या माणसाच्या शब्दाखातर आयांनी जेवण सोडलं, त्याच्या अंत्ययात्रेचं धावतं वर्णन रेडिओवर लागलेलं असताना खिंडीचं नाव काढायचं कुणी? करार झाल्यावर शास्त्रीजींनी दिल्लीला घरी फोन केला आणि घरच्यांनाही हाजीपीर परत देणं पटलेलं नाही हे त्यांना कळलं, असं त्यांच्याबरोबर ताश्कंदला गेलेल्या कुलदीप नय्यर यांनी लिहून ठेवलं आहे. हे आम्ही फार पुढे वाचलं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसत होतं की बाहेरच्या खोलीत पुठ्ठा लटकतो आहे आणि त्याच्याकडे कुणी पाहत नाही. फेब्रुवारी संपता संपता आमच्या घरातली ती टाचणी कुणीतरी काढली. कुणी, ते कळलं नाही. कागदावर कुंकवाने माखलेलं एक भोक तेवढं राहिलं.

वाद झाले ते त्यानंतर. महावीर त्यागी यांनी ताश्कंदच्या निषेधार्थ केंद्रीय मंत्रिपद सोडलं, आणि हा माणूस काँग्रेसमधला, शास्त्रीजींच्याच मंत्रिमंडळातला होता. लोकसभेत चर्चा झाली. वर्तमानपत्रांतून वाचकांची पत्रं येत राहिली. आमच्या चाळीतल्या मास्तरांनी बाजू घेतली ती कराराची. ते म्हणायचे, तीनशे वर्षांपूर्वी, १६६५ साली महाराजांनी पुरंदरचा तह केला, तेवीस किल्ले दिले, म्हणून कुणी त्यांना भित्रं म्हटलं का? पाच वर्षांत सिंहगड परत आला. त्यावर पहिल्या मजल्यावरचे काका उसळायचे. महाराजांनी किल्ले देताना रयतेला 'किल्ले देणार नाही' असं सांगितलं नव्हतं, हा त्यांचा मुद्दा होता. काका म्हणत, द्या, द्यावं लागतं, पण आधी शपथा घेऊ नका.

आज मागे वळून पाहताना दोघांचंही पटतं. मास्तरांची बाजू आम्ही तेव्हा समजत होतो त्याहून भक्कम होती. आपल्याकडे त्यांची सातशे चौरस मैलांच्या आसपास जमीन होती, पण आपलीही दोनशेच्या आसपास त्यांच्याकडे होती. खेमकरण त्यांच्या ताब्यात होतं, आणि अखनूरच्या पश्चिमेचं छंब. छंबची माणसं घरं सोडून पळाली होती. ताश्कंदमुळे त्यांना घरी परतता आलं. आमच्या पुठ्ठ्यावर छंबला शाईची टाचणी होती, ती निघाल्याचा आनंद कुणी केला नाही. आम्ही खिंडीसाठी हळहळलो. त्या गावांमधून जी माणसं राहत होती ती आमच्या नकाशावर कधी आलीच नाहीत. १९७१ मध्ये छंब पुन्हा गेलं आणि सिमला करारानंतर ते पलीकडेच राहिलं. १९४७, १९६५, १९७१ अशी तीनदा उठलेली ती कुटुंबं जम्मूच्या आसपास वसली. घरी जा, आता धोका नाही, असं ज्यांना सांगितलं गेलं त्यांना सहा वर्षंही मिळाली नाहीत.

पण काकांचा मुद्दाही काळाने खोडला नाही, उलट पक्का केला. कारगिलच्या रस्त्यावर डोळा ठेवणारं एक ठाणं होतं, पॉइंट १३६२०. मे १९६५ मध्ये आपल्या सैन्याने ते घेतलं. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक लक्ष ठेवतील, श्रीनगर-लेह रस्त्याला त्रास होणार नाही, अशी हमी मिळाली म्हणून जूनअखेर ते सोडून दिलं. ऑगस्टमध्ये ते पुन्हा घ्यावं लागलं. ताश्कंदनंतर पुन्हा सोडलं. १९७१ मध्ये तिसऱ्यांदा घेतलं, तेव्हा कुठे ते राखलं. एकाच डोंगरावर सहा वर्षांत तीनदा माणसं मेली, आणि दर वेळी खाली उतरताना आता शांतता राहील असं कुणीतरी सांगितलं होतं. हाजीपीर तर परत आलंच नाही. एकोणीसशे नव्वदनंतर काश्मिरात शस्त्रं आणि माणसं आली त्या वाटांमध्ये त्या भागातल्या वाटाही होत्या. दयाल पुढे लेफ्टनंट जनरल होऊन निवृत्त झाले. खिंड परत देणं ही चूक होती असं त्यांनी उघड सांगितलं, आणि आपल्याकडे लोक नकाशे वाचत नाहीत अशी खंतही बोलून दाखवली. आम्ही ते वाचलं तेव्हा साठीकडे झुकत होतो. नकाशा आम्ही वाचला होता, निदान त्यात टाचण्या तरी टोचल्या होत्या. पुढे वाचायला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

शाळेचा नकाशा तर आणखीच वेगळा. त्यात हाजीपीर आजही आपल्या हद्दीत आहे, कारण सगळा जम्मू-काश्मीर आपला आहे आणि संसदेने १९९४ मध्ये तसा ठरावही केला आहे. हा दावा तेव्हाही होताच, त्यामुळे १९६६ च्या जूनमध्ये आम्ही वरच्या वर्गात गेलो तेव्हा भूगोलाच्या पुस्तकात काहीच बदललेलं नव्हतं. उरीहून पूंछला हाजीपीरवरून पन्नास-साठ किलोमीटर, आणि आपल्या ताब्यातल्या भागातून जायचं तर त्याच्या कितीतरी पट वळसा. तो वळसा त्या पुस्तकात नाही. पूंछचा माणूस तो रोज घालतो.

सैनिकांच्या घरांचं म्हणाल तर तिथे मागचा काळ निःसंशय वाईट होता. तेव्हा तार यायची. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत पोस्टमन सायकल हातात धरून चालत आला की घराघरांतली माणसं दारात येऊन तो कुणाकडे वळतो ते पाहायची. देह यायचा नाही, मागून एखादी पत्र्याची ट्रंक यायची. पुण्यात शिकलेले, पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर १६ सप्टेंबरला बुतूर डोग्रांदीजवळ पडले. त्यांना परमवीर चक्र मिळालं, आणि ती जमीन ताश्कंदनंतर परत गेली. आता कारगिलपासून तिरंग्यात लपेटलेला देह गावी येतो, आईला शेवटचं तोंड पाहता येतं. हे आमच्या वेळी असायला हवं होतं. मात्र आता त्या अंत्ययात्रेत कॅमेरे आधी पोचतात, आणि आईच्या तोंडापुढे माईक धरून तिला काय वाटतं ते विचारतात. तारेचा कागद एवढं विचारत नव्हता.

ब्लॅकआउटही तसाच. तेव्हा काचांना काळा नाहीतर खाकी कागद लावायचा, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवायचे. भोंगा झाला की जिन्यात बसायचं, आणि कुणाच्या खोलीतून उजेडाची तिरीप दिसली की खालून 'दिवा मालवा' अशी हाक यायची. लहान मुलं भेदरायची, म्हातारी माणसं अंधारात धडपडून हाडं मोडून घ्यायची. ७ मे २०२५ ला देशभर पुन्हा भोंगे वाजले, मुंबईपुण्यातही सराव झाला. आमच्या वयाची माणसं तेवढी मनातून हलली. बाकीचे गॅलरीत येऊन भोंग्याचं चित्रण करत होते. त्यांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. त्याच्या पंधरवडाभर आधी पहलगामला जे २६ जण मारले गेले त्यांत डोंबिवली, पुणे आणि पनवेलची माणसं होती. आता काश्मीर पर्यटकांसाठी सुरक्षित आहे हे त्यांनाही सांगितलं गेलं होतं, आणि त्यांनीही ते मानलं, जसं आम्ही मानलं होतं.

मधल्या काळात आणखी एक माघार झाली, आणि ती आमच्या लेखी घडलीच नाही म्हणावी इतक्या गुपचूप गेली. ऑगस्ट २०२० अखेर लडाखमध्ये आपल्या जवानांनी कैलास रांगेवरची, रेझांग ला भागातली शिखरं गाठली. ११ फेब्रुवारी २०२१ ला संरक्षणमंत्र्यांनी संसदेत निवेदन केलं आणि पँगाँगच्या दोन्ही काठांवरून आपलं आणि चीनचं अशी दोन्ही सैन्यं मागे सरली. तेव्हापासून मधल्या पट्ट्यात कुणीच जायचं नाही असं ठरलं. चुशूलच्या मेंढपाळांची हिवाळी कुरणं त्या पट्ट्यात येतात. माघार योग्य होती की नव्हती हे सांगण्याइतकं ज्ञान माझ्याकडे नाही. युद्ध टळलं ही मोठीच गोष्ट आहे. पण १९६६ मध्ये चाळीतल्या प्रत्येक खोलीत हाजीपीरवरून कुणी ना कुणी रुसलेलं होतं. २०२१ मध्ये कैलास रांगेचं नाव मी सोसायटीच्या बागेत काढलं तर समवयस्क मित्र म्हणाले, ते मानसरोवराचं का?

एक इंचही जमीन देणार नाही, हे वाक्य आम्ही सहा दशकं, सगळ्या पक्षांच्या तोंडून ऐकत आलो आहोत. तेव्हा ते ऐकून अंगावर काटा यायचा. आता पुढचं वाक्य काय येणार ते ठाऊक असतं. आम्ही भाबडे होतो, आजची पिढी शहाणी आहे, असं म्हणून हा विषय मिटवता आला असता. पण भाबडेपणाचा एक फायदा होता: शब्द मोडला की दुखायचं. एक मंत्री राजीनामा द्यायचा, एक मास्तर आणि एक काका वर्षभर एकमेकांशी बोलायचे नाहीत, एका घरातली टाचणी कुणी काढली हे सांगायला कुणाची जीभ धजायची नाही. हे सगळं निरुपयोगी होतं, त्याने खिंड परत आली नाही. मला तरीही त्याची उणीव भासते.

७ मे २०२५ ला पहाटेपासून पूंछवर तोफा चालल्या. डझनाहून अधिक नागरिक मेले, त्यात मुलंही होती. मुंबईतल्या त्या सरावाच्याच दिवशी. जम्मू भागातल्या सीमेवरच्या लोकांसाठी २०१७-१८ मध्ये १४,४६० बंकर मंजूर झाले होते, आणि सीमेलगतच्या गावांत ते पुष्कळ बांधलेही गेले. पूंछ शहरात मात्र लपायला जागा नव्हती असं तिथल्या रहिवाशांनी वार्ताहरांना सांगितलं. हाजीपीर ज्यांच्या डोक्यावर आहे ती हीच माणसं. ताश्कंदला जे दिलं ते त्यांच्या अंगणातून दिलं, आणि बदल्यात जे मिळायचं होतं ते त्यांनाच मिळायचं होतं.

वाचकांचा पत्रव्यवहार वर्तमानपत्रांतून अजून छापला जातो, जागा आक्रसली असली तरी. आमच्या पिढीची अक्षरं अजून थरथरू लागलेली नाहीत. आम्ही तिथे एक पत्र लिहू शकतो, त्याची एक प्रत दिल्लीलाही पाठवू शकतो. लिहायचं ते एवढंच: मंजूर झालेल्या बंकरांपैकी किती पुरे झाले, पूंछ शहरासाठी त्यात किती धरले होते, राहिलेले कोणत्या महिन्यापर्यंत होतील. उत्तर आलं तर तेही त्याच जागी छापावं, ही संपादकांना विनंती.